पीआरवाल्यांसाठी सोशल मीडियाचे धडे

पीआरमधल्या, म्हणजे जनसंपर्कातल्या, होतकरू मित्रांनो, वर्तमानपत्रात दोन ओळी छापून याव्यात म्हणून संपादकांच्या मिनतवाऱ्या करायचे दिवस गेले. आता सोशल मीडिया आहे. त्यावर ब्रँडचं नाव कसं उजळावं, ते मी नुकतंच एका वॉशिंग मशीन कंपनीकडून शिकलो. बंद मशीनपुढे बसून शिकल्यामुळे चांगलं डोक्यात बसलंय.

आधी हॅशटॅग काढा आणि लोकांना आठवणी सांगायला लावा. मॅकडोनाल्ड्सने जानेवारी 2012 मध्ये पैसे मोजून ट्विटरवर 'मॅकडी स्टोरीज' चालवला. लोकांनी सांगितल्या की आठवणी! दोनेक तासांत मोहीम गुंडाळावी लागली.

नकोशा कमेंट उडवा. 2010 साली पाम तेलावरून ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने नेस्लेच्या किटकॅट चॉकलेटला धरलं, तेव्हा 'आमचा लोगो बदलून प्रोफाइलला लावलात तर कमेंट काढू' असा दम नेस्लेने फेसबुकवर भरला. मग काय, झुंबडच उडाली. एवढी प्रसिद्धी फुकटात कुठे मिळते?

श्रद्धांजलीच्या पोस्टमध्ये लोगो फोटोपेक्षा मोठा ठेवा.

इमोजी सढळ हाताने.

आता मुख्य धडा, तक्रार. तक्रार आली की पाच मिनिटांत उत्तर द्या. मशीन दुरुस्त करू नका, उत्तर द्या. 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया डीएम करा', म्हणजे खासगीत मेसेज पाठवा. बघणाऱ्यांना वाटतं, काय तत्पर कंपनी आहे! पुढचं सगळं आत, कुणाला दिसत नाही तिथे. मी डीएम केला. मोबाइल नंबर मागितला, दिला. बिलाचा फोटो मागितला, दिला. दुसऱ्या दिवशी खाली वेगळीच आद्याक्षरं असलेला कुणी अवतरला आणि म्हणाला, कृपया आपला नंबर द्या. अरे बाबा, जरा वर सरकव की, तिथेच आहे! तिसऱ्याला बिल पुन्हा हवं होतं, 'स्पष्ट दिसेल असं'. शेवटी वैतागून मी त्यांच्या पोस्टखाली लिहिलं, 'वा, काय सेवा! डोळे भरून आले.' लगेच उत्तर आलं, 'धन्यवाद! तुमचं प्रेम असंच राहू द्या', आणि पुढे तीन लाल बदाम. त्याच संध्याकाळी 'ग्राहक हेच आमचं कुटुंब' असं रील. पाठोपाठ मेसेज, 'तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे, किती स्टार द्याल?' निकाली? ड्रममध्ये पाणी तसंच, कपडे आतच, दार उघडत नाही आणि घरभर कुबट वास!

जाऊ दे तो उपरोध, सरळच बोलतो. फेब्रुवारी 2018 मध्ये पुरवठादार बदलल्यावर ब्रिटनमध्ये केएफसीकडे चिकनच पोचेना, शेकडो दुकानं बंद पडली. त्यांनी चिकनच्या रिकाम्या बादलीवर स्वतःच्याच नावाची अक्षरं फिरवून जवळजवळ शिवी केली, पानभर जाहिरात दिली आणि चूक आमची म्हणून माफी मागितली. लोकांनी कौतुक केलं, कारण कुठलाही आडपडदा नव्हता. आणि तुम्ही? ब्रँडच्या अकाउंटचा पासवर्ड तुमच्याकडे, पण दुरुस्ती विभागात कुणाला फोन करायचा हे माहीत नाही. आधी ते माहीत करून घ्या. तक्रार कुणाकडे गेली आणि मेकॅनिक कुठल्या तारखेला येणार, एवढं दोन ओळींत सगळ्यांसमोर लिहा. जमत नसेल तर निदान प्रेमाच्या गोष्टी करू नका, लाज वाटू द्या थोडी. महिन्याच्या रिपोर्टमध्ये साहेबांना लाइक, शेअर, रीच सगळं दाखवता ना? त्यात अजून एक रकाना घाला, किती जणांचं काम खरंच झालं त्याचा. नाही घालणार तुम्ही. त्यात भरायला काही नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.