आरोग्याच्या तासाला शेवळं का नकोत?

आश्रमशाळांत आरोग्य आणि शारीरिक शिक्षण शिकवताना आदिवासींचं खाणं, नाच, खेळ, आजाराकडे बघण्याची रीत यांनाही जागा द्यावी, असं कुणी म्हटलं की शिक्षकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचं सार असं: ही अंधश्रद्धा शाळेत आणणं आहे, कुपोषण त्यांच्या खाण्यामुळेच आहे, ही मुलं जात्याच काटक असतात, नाच म्हणजे व्यायाम नव्हे आणि पालकांनाच हे नको आहे. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत मुलांसाठी मनापासून राबणारे शिक्षकही आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी अंधश्रद्धा. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटाला तापलेल्या सळईचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. हा प्रकार बंदच व्हायला हवा, त्यात दुमत नको. पण फळ्यावर ‘अंधश्रद्धा टाळा’ लिहून तो बंद होत नाही, कारण ते वाचून तिथल्या कोरकू आदिवासी मुलीला आपल्या धाकट्या भावाचं पोट आठवत नाही. डंब्याचं नाव घेऊन बोललं, बाळाचं पोट का फुगतं, भाजलेल्या जागी जंतुसंसर्ग कसा होतो, भुमक्याच्या, म्हणजे गावच्या वैदूच्या, आधी दवाखाना का गाठायचा हे सांगितलं, तर आठवतं. मुलांच्या घरात काय चालतं हे ज्याला ठाऊक नाही, त्याला अंधश्रद्धेशी लढताही येत नाही. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने लोकांना विचारून दवाखाना गोंड गावासारखा झोपड्यांचा बांधला, त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. त्याच ‘सर्च’ने गावातल्या बायांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. लोकांचं ऐकल्यामुळे इथलं विज्ञान जराही पातळ झालेलं नाही.

खाण्याचा मुद्दा तर उलटाच आहे. कुपोषणामागे अपुरं अन्न, कामासाठीचं स्थलांतर, लवकर लग्नं आणि सततची आजारपणं आहेत. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात १० सुद्धा नसतं. तरी आहाराच्या तक्त्यावर सफरचंद दिसतं, करटोलीसारखी रानभाजी दिसत नाही.

शेवळं या रानभाजीचंच घ्या. पावसाच्या तोंडावर ठाणे-पालघरच्या रानात ती उगवतात. नुसती शिजवून खाल्ली तर घसा खाजतो, कारण त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून वारली, ठाकर, कातकरी बाया आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकतात आणि भाजीत काकडाची आंबट फळं घालतात. काकडं मिळाली नाहीत तर चिंच तरी हवीच. हे सगळं सातवीतल्या मुलीला आईच्या हाताखाली वावरून येत असतं. अन्नातले अपायकारक घटक आणि ते काढायच्या पद्धती शिकवायला याहून चांगली सुरुवात कुठे मिळणार? आज मात्र ती वर्गात बसते ती आपल्या घरचं खाणं मागासलेलं आहे असं ऐकून.

‘जात्याच काटक’ हे कौतुक वाटतं, पण मला यातला सर्वांत घातक मुद्दा हाच वाटतो. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं ते नाशिकला प्रशिक्षकाच्या हाताखाली वर्षानुवर्षं घाम गाळून. आणि गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या शाळांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं असतात. अशा मुलाला उन्हात, पाणी न पिता मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या तर असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. सगळे काटक असं धरून चालणाऱ्या सरांना तो मधेच बसलेला मुलगा आळशी वाटतो.

नाच व्यायाम नाही, असं म्हणणाऱ्यांनी वारल्यांचा तारपा नाच नीट पाहावा. मधे तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा, भोवती एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेली साखळी. सूर बदलला की पावलं बदलतात, एकाचा ताल चुकला की अख्खी साखळी अडखळते. हे तासन्‌तास चालतं. दम, तोल, ताल आणि दुसऱ्याच्या शरीराचं भान, पीटीच्या तासात आणखी काय हवं असतं? कबड्डीच्या संघात मोजकीच मुलं लागतात, तारप्यात सगळी मावतात. खो-खोसुद्धा आधी गावोगावचा खेळच होता, त्याचे नियम पुण्यात विसाव्या शतकात बांधले गेले.

राहिला पालकांचा प्रश्न. त्यांना मुलांनी पोलीस भरतीत धावावं, नोकरीला लागावं असं वाटतं आणि ते अगदी योग्य आहे. आठवड्यातला एखादा तास त्याच्या आड येत नाही. त्यांना सलतं ते ९ ऑगस्टला, आदिवासी दिनी, पोरांना पिसं लावून पाहुण्यांपुढे नाचवणं, आणि तिथे मी त्यांच्याच बाजूची आहे. हे अभ्यासक्रमाबाहेरचं आहे ही सबबही उरलेली नाही, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आदिवासी ज्ञानाचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा जूनमध्ये पाड्यावरच्या एखाद्या आजीला आरोग्याच्या तासाला बोलवा, तिला मानधन द्या, आणि तिने शिकवलेल्यावर सहामाहीत गुणांचा प्रश्न घाला.