घरच्या घरी पापण्या सोलण्याची कृती

डोळ्यांभोवतीचा काळेपणा घालवण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणे हा वेळेचा शुद्ध अपव्यय आहे, कारण तो आधी नाही नाही ते प्रश्न विचारतो, मग उजेडात बसवून डोळे पाहतो आणि शेवटी हिमोग्लोबिन तपासून आणायला सांगतो. त्यापेक्षा दिवाळीच्या आधी गृहसंकुलाच्या क्लब हाउसमध्ये जे प्रदर्शन भरते, तेथे चकलीची भाजणी आणि आकाशकंदील यांच्या मधल्या टेबलावर ड्रॉपर लावलेली एक तपकिरी बाटली मिळते, ती निमूटपणे विकत घ्यावी. ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या भाचीने तशीच घेतली. साखरपुडा आठ दिवसांवर आला होता, चेहरा उजळला होता, आणि आता पापण्याच तेवढ्या मागे का राहाव्यात, असा तिचा रास्त प्रश्न होता.

बाटली घेताना आकडा मोठा पाहून घ्यावा. तीत कातडी सोलणारे ग्लायकोलिक आम्ल ३० टक्के असेल तर ते १० टक्क्यांच्या तिप्पट गुणकारी, हे गणित चौथीतल्या मुलालाही येते. सौंदर्यप्रसाधनांतील घटक तपासणाऱ्या अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने १९९८ साली घरगुती वापरासाठी १० टक्क्यांची कमाल मर्यादा सांगितली आणि पीएच, म्हणजे जितका कमी तितके आम्ल जहाल असा आकडा, ३.५ च्या खाली जाऊ नये असेही बजावले, पण ती माणसे साखरपुड्याच्या घाईत नव्हती. बाटलीवर पीएच लिहिलेलाच नसेल तर उत्तमच. साडेतीनऐवजी अडीच निघाला तर आम्लता दहापट होते, आणि दहापट माल त्याच किमतीत मिळत असेल तर तक्रार कशाला करावी?

कातडीला सोसते का हे पाहायला आधी कानामागे थेंब लावून दोन दिवस वाट पाहणे हे भित्र्या माणसांचे काम आहे.

आता जागेविषयी. साऱ्या शरीरावरची सर्वांत पातळ कातडी पापणीची, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची. जेथे भिंत पातळ तेथे ओल लवकर येते, हे मुंब्र्यापासून माजिवड्यापर्यंत प्रत्येक घरमालकाला ठाऊक आहे, तेव्हा आम्लही तेथे झपाट्याने आत शिरेल आणि आपला बराच वेळ वाचेल. शिवाय ग्लायकोलिक आम्ल उसात असते आणि राम मारुती रोडवर उसाचा रस पिऊन आजवर कोणी आंधळे झालेले नाही. डोळे घट्ट मिटून घेतले की झाले. जळजळीने डोळ्यांना पाणी सुटते, तेच पाणी पापण्यांच्या कडेवरचे आम्ल बरोबर घेऊन डोळ्यात उतरते, पण एवढा सूक्ष्म विचार करत बसले तर माणूस सुंदर कधी होणार?

काळेपणा कशामुळे आला आहे, हे तर मुळीच शोधू नये. कोणाचा तो आईकडून आलेला असतो, कोणाच्या पातळ कातडीतून खालच्या रक्तवाहिन्या दिसत असतात, कोणी ॲलर्जीमुळे वर्षभर डोळे चोळत असते, आणि कोणाच्या डोळ्यांखाली खळगा असल्यामुळे तेथे नुसती सावली पडलेली असते. सावली सोलून निघत नाही. मात्र आपल्यासारख्या सावळ्या कातडीला भाजले की बरे होताना तेथे नवा डाग पडतो आणि तो महिनोन्‌महिने राहतो, म्हणजे बाराशे रुपयांत निदान काहीतरी टिकाऊ पदरात पडते.

जळजळ सुरू झाली की सर्वांत आधी विक्रेत्या बाईंना संदेश पाठवावा आणि उत्तराची वाट पाहत बसावे. माझ्या भाचीने हेच केले. सात मिनिटांनी उत्तर आले की त्वचेतले विष बाहेर पडत आहे, थोडे सोसावे लागेल, सोबत हात जोडल्याचे चित्र. तिने सोसले. आणखी दहा मिनिटांनी बाईंनी कोरफडीचा गर लावायला सांगितला आणि तोही आपल्याकडे मिळतो असे कळवले. कोणते विष, बाई? त्या कातडीत विष नव्हते, ते तुम्ही बाटलीत भरून विकले होते! ज्या वीस मिनिटांत डोळ्यांवर नुसते पाणी ओतायचे असते, ती वीस मिनिटे ही पदवीधर मुलगी एका अनोळखी बाईच्या ‘टायपिंग’कडे पाहत बसली, आणि मग तिने मला फोन केला, ‘मावशी, डोळे उघडतच नाहीत गं.’ रविवारची संध्याकाळ होती आणि आम्हांला मानपाड्याहून कापूरबावडीची वाहनकोंडी ओलांडायची होती. याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

डॉक्टरांनी डोळ्यांत नारिंगी-पिवळे औषध घालून निळ्या प्रकाशात पाहिले, तेव्हा बुबुळावरचा पारदर्शक पडदा जेथे खरवडला गेला होता तेथे हिरवे डाग चमकले. साखरपुड्यात मुलगी काळा चष्मा लावून बसली आणि मुलाकडच्या बायका आपापल्या मुलांना तिच्यापासून लांब ठेवत होत्या, कारण त्यांना वाटले तिचे डोळे आले आहेत.

आता मला थट्टा करवत नाही. मिक्सर घेताना तुम्ही चार दुकाने फिरता, हमीपत्र तपासता आणि भांड्याची जाडी बोटाने चाचपून पाहता, आणि डोळ्यांवर आम्ल लावताना मात्र बाटलीवर बनवणाऱ्याचे नावसुद्धा वाचत नाही? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ च्या जुलैमध्ये अशी आम्ले वैद्यकीय देखरेखीशिवाय वापरू नका असे जाहीरपणे सांगितले. ते चेहऱ्यालाही लागू होते, पापण्या तर दूरच राहिल्या. खोल भाजले तर जखम भरताना खालची पापणी आखडून बाहेर वळते आणि मग डोळा नीट मिटत नाही. डोळ्यात आम्ल गेलेच तर फोन बाजूला फेका, लेन्स असतील तर काढा, नळाची बारीक धार धरून किमान १५ ते २० मिनिटे डोळे धूत राहा, त्यात खाण्याचा सोडा किंवा गुलाबपाणी घालण्याची अक्कल चालवू नका, आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

भाचीच्या न्हाणीघरात ती बाटली अजून अर्धी शिल्लक आहे. टाकून दे म्हटले तर म्हणते, ‘बाराशेची आहे गं मावशी, कोपरांना लावीन.’