पाचवी अनुसूची आपल्या शेजारीच आहे

स्पर्धा परीक्षेच्या तयारीवरच्या एका लेखात सल्ला दिलाय की राज्यव्यवस्थेसाठी कलमांचे तक्ते पाठ करा आणि चालू घडामोडींचं मासिक वाचा. पूर्वपरीक्षेपुरतं ठीक. पण राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. आता ते कलम गावात कसं चालतं, हे लिहावं लागतं.

याबाबतीत आपण खान्देशातली मुलं नशीबवान आहोत. संविधानात आदिवासी भागांच्या कारभारासाठी असलेल्या पाचवी आणि सहावी अनुसूची यांत गोंधळणारे अभ्यासिकेत कितीतरी भेटतात (सहावी आसाम, मेघालय, त्रिपुरा, मिझोरामसाठी). आणि आपलं नंदुरबार जिल्ह्यातलं धडगाव, अक्कलकुवा पाचव्या अनुसूचीत आहे! तिथे १९९६ चा पेसा कायदा (अशा भागांतल्या पंचायतींसाठीचा) लागू आहे: भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत, गौण वनोपजावर (तेंदूपानं, मोहफुलं वगैरे) तिची मालकी. सरपंचांना विचारून एकदा तिथल्या ग्रामसभेत बसा. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे कुठे अडतात, हे म्हातारी माणसं नीट सांगतात. मग त्याच विषयाची बातमी वाचली की आपोआप लक्षात राहते.

पुण्याला जायला पैसे नाहीत म्हणून कुणी अभ्यास सोडू नका रे. कायद्यांचा मूळ मजकूर सरकारच्या इंडिया कोड संकेतस्थळावर फुकट आहे. पेसा तर जेमतेम काही पानांचा, आधी तोच वाचा.