फुकटचा वकील

सकाळी साडेदहाला दादा माझ्यासमोर बसून मोबाइलला तोंड दाखवत होता. "डोळ्यांची उघडझाप करा," अ‍ॅप म्हणालं. दादाचा उजवा डोळा काचेचा, डावा उघडतच नाही. करायची कसली उघडझाप? तीनदा केलं, तीनदा लाल फुली. मग कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. पलीकडची मुलगी फारच गोड आवाजात म्हणाली, "सर, घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावाने करा ना!"

नातीसाठी एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा गुंतवणूक, सुरू करायची होती त्याला. महिन्याला दोन हजार, स्वतःच्या पेन्शनमधले. सरकारी ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालाय माणूस. दुसऱ्याच्या नावाने का म्हणून?

डोकं फिरलंय माझं. शुद्धलेखनाच्या चुका आज पोटात घाला.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका बँकेत चेकबुक मागायला गेलो होतो, तेव्हाही हीच कथा. दादा सही करतो. आमच्या बाबांनी जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला एक लांबट खाच पाडून दिली होती. ती कागदावर ठेवायची, खाचेत बोट फिरवून अंदाज घ्यायचा आणि सही ठोकायची. ऑफिसच्या हजेरीपटावर रोज हीच सही. त्या दिवशी त्याने खिशातून पुठ्ठा काढला तर काउंटरवरचा माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "हे काय? ताई, यांचा अंगठा घ्या. आणि चेकबुक नाही मिळणार, जॉइंट खातं काढा." दादाशी तो एक शब्द बोलला नाही. दादा त्याच्यापासून दोन फुटांवर उभा होता हो!

आणि रिझर्व्ह बँकेने २००८ मध्येच सगळ्या बँकांना बजावलं होतं की अंध खातेदाराला चेकबुक, एटीएम, लॉकर, सगळं द्यायचं, भेदभाव करायचा नाही. आम्हाला हे माहीत नव्हतं. त्या माणसालाही नसेल, बहुधा. फसवणूक झाली तर नोकरी त्याची जाते, हेही खरं. पण त्याचं अज्ञान नियम म्हणून चालून गेलं आणि आमचं आमच्या गळ्यात पडलं.

दादाने अंगठा लावला. बाहेर पायरीवर बसून बोट रुमालाला पुसत त्याने मला विचारलं, "निळी आहे की जांभळी गं शाई?" मी म्हटलं, जांभळी. रुमाल अजून आहे घरी, डाग गेला नाही.

आज मात्र आम्ही गप्प बसलो नाही. १५१०० ला फोन केला. हा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, आत्ताच, पुढचं नंतर वाचा. मोफत विधी सेवेची हेल्पलाइन आहे ही. त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा म्हणून सांगितलं. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच ऑफिस असतं. मी इतकी वर्षं त्या आवारावरून रिक्षाने जाते, पाटी कधी वाचली नव्हती.

आता माझ्या मैत्रिणींना वाटतं की मोफत वकील म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्यांना. अजिबात नाही! १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, त्याचं कलम १२ वाचा. दिव्यांग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री, कोणतंही मूल, कारखान्यातला कामगार, कोठडीतला माणूस, पूर-भूकंपात सापडलेला, यांतल्या कोणाचंही उत्पन्न बघत नाहीत. पगाराची अट आहे ती यांत न बसणाऱ्यांना. म्हणजे हे वाचणारी प्रत्येक बाई पात्र आहे, फ्लॅट असलेलीसुद्धा. वकिलाची फी, कोर्ट फी, अर्जाचा मसुदा, नकलांचा खर्च, सगळं त्यात येतं. केसमध्ये प्रथमदर्शनी दम आहे का ते बघतात, तेवढं मात्र खरं.

आणि हे कुणाचे उपकार नाहीत. १९७६ मध्ये राज्यघटनेत ३९-अ कलम घातलं ते यासाठीच. ती गोड मुलगी "सर, सर" करत होती ना, तिने एकदा ते वाचावं. जाऊ दे. तिच्यासमोर स्क्रीनवर जे लिहिलंय तेच ती बोलणार. राग तिच्यावर नाही. हां, थोडा आहे.

दुपारी एका माणसाला हे सांगितलं तर तो म्हणे, "एवढ्याशा गोष्टीसाठी कोर्ट?" (नाव टाकत नाही, नातेवाईक आहे, हे वाचणार आहे.) एवढीशी गोष्ट! पाण्याच्या एका ओंजळीवरून महाडचा खटला १९२७ मध्ये उभा राहिला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये लागला. चवदार तळं तेव्हाही कुणाला तरी एवढंसंच वाटत असणार. आपण २० मार्चला फोटो टाकतो, हार घालतो आणि घरच्या माणसाला दुकानदाराने हाकललं की म्हणतो, मिटवून टाक.

बरं, लढून काही होतं का? होतं. जीजा घोष यांना सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा राहत नाही. २०१२ मध्ये त्या कोलकात्याहून गोव्याला परिषदेसाठी निघाल्या होत्या, बसल्या जागेवरून त्यांना विमानातून उतरवलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमान कंपनीला १० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. आणि ही डोळ्यांची उघडझाप? त्यावरही निकाल आहे! ३० एप्रिल २०२५. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि एक अंध याचिकाकर्ते न्यायालयात गेले होते. न्यायालयाने २० निर्देश दिले. डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि माणूस जिवंत आहे हे तपासायला उघडझापेशिवाय दुसरा पर्याय ठेवा, असं सांगितलं. मग आज सकाळी माझ्या दादाला लाल फुली का आली? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर स्पष्ट आहे की सेवा देणारा सरकारी असो की खासगी, सुगम्यतेचे नियम दोघांनाही. कागदावर सगळं आहे हो. कागद घेऊन दारात उभा राहणारा माणूस नसतो, म्हणून तर तो वकील हवा.

आता वकील मित्र कमेंटमध्ये येतील. प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलांना मानधन कमी, काही जण तारखेला फिरकत नाहीत, केस रेंगाळते. मान्य. पैसे मोजलेले वकील कुठे रोज वेळेवर येतात?

आणि प्रत्येक वेळी खटलाच भरावा लागतो असंही नाही. बस, पोस्ट, फोन, वीज, पाणी, दवाखाना, विमा यांची तक्रार असेल तर स्थायी लोकअदालत असते. तिथे फी नाही. तडजोड झाली नाही तर तेच निर्णय देऊ शकतात. आमचं प्रकरण त्यात बसतं का ते वकील ठरवतील. आधी कंपनीला नोटीस जाईल, असं प्राधिकरणात म्हणाले.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते.

त्या दिवशी बँकेत अंगठा लावायला दादा तयार नव्हता. "मला सही येते," असं तो दोनदा म्हणाला. मागे रांग होती, माझी बस चुकणार होती, लोक बघत होते. मीच म्हटलं, "दादा, लाव ना रे अंगठा, उशीर होतोय." काउंटरवरच्या माणसाला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, पण दादाचा हात धरून शाईच्या पॅडवर कोणी टेकवला? मी टेकवला.

आज प्राधिकरणात अर्ज भरला. आधार आणि दिव्यांग कार्डाच्या प्रती जोडल्या. उत्पन्नाचा दाखला काढू का विचारलं तर टेबलावरच्या बाई म्हणाल्या, यांना लागत नाही. मग सहीची वेळ आली. दादाने खिशातून तोच पुठ्ठा काढला, कडा झिजून मऊ झाल्यात. बाईंनी विचारलं, "काका, हे काय?" पण दादाला विचारलं. त्याने सांगितलं. त्यांनी टेबलावरच्या फायली बाजूला सारल्या, त्याचं बोट धरून रेघेवर ठेवलं आणि गप्प बसून राहिल्या.

दादा पुठ्ठा नीट लावत होता. मध्येच थांबला आणि माझ्या दिशेने मान वळवून म्हणाला, "आज घाई नाही ना गं तुला?"