हंपी दोन तासांत कशी उरकावी

हंपी पाहायला निदान दोन दिवस तरी हवेत, असे सांगणारा माणूस आपल्या ओळखीत असेल, तर सहलीचा बेत पक्का होईपर्यंत त्याला टाळावे. विजयनगरच्या जुन्या राजधानीचे, १९८६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेले हे क्षेत्र ४,१८७ हेक्टरांचे आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने १० हजार एकरांहून मोठे, आणि त्यावर १,६०० हून अधिक अवशेष पसरलेले आहेत, असली आकडेवारी तो आपल्यापुढे मांडील. तिच्याकडे लक्ष देऊ नये. पाच एकरांच्या वावरात बोंडअळी कुठवर पोचली हे पाहण्यात आपली सबंध सकाळ जाते, ही गोष्ट खरी. पण वावरात काम असते आणि हंपीत नुसते पाहायचे असते. नुसते पाहायला किती कमी वेळ पुरतो, हे मी नुकताच नातलगांनी खच्चून भरलेल्या एका गाडीतून जाऊन शिकून आलो आहे. तिवसा, मोर्शी, धामणगावकडच्या माझ्या बांधवांना त्या ज्ञानाचा लाभ व्हावा, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

मुहूर्त सीतादही, म्हणजे कापूस वेचणीची वावरातली पूजा, झाल्यानंतरचा धरावा. सोयाबीन विकून झालेले असते, भाव पडल्याचे दुःख जुने झालेले असते, पहिल्या वेच्याचा कापूस घरात आलेला असतो आणि तूर अजून वावरात उभी असते. अशा वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट काढावा आणि त्यात फक्त एकच वाक्य टाकावे, की आपण हंपीला जात आहोत. पुढचे सगळे आपोआप होते.

कारण हंपीला जायचे म्हणजे हंपीलाच जायचे, असा अर्थ आपल्याकडे कोणीही घेत नाही. अमरावतीहून हंपी ७०० किलोमीटरांहून दूर आहे. एवढे डिझेल जाळायचे तर वाटेवरचा देव कशाला सोडायचा, हा प्रश्न पहिल्या तासाभरातच विचारला जातो. मग तुळजापूर जोडले जाते. तुळजापूर आले की अक्कलकोट आलेच, आणि अक्कलकोटला जाऊन गाणगापूर चुकवले तर घरातली थोरली मंडळी वर्षभर बोलून दाखवतील. कोणा एकाने पंढरपूरचा नवस बोललेला असतो, म्हणून ते परतीच्या वाटेवर घालावे. मुलांसाठी विजापूरचा गोलघुमट, वहिनींसाठी अलमट्टीची बाग, आणि लातूरला ज्यांची बहीण दिली आहे त्यांच्यासाठी लातूर. या बहिणीकडे ‘फक्त चहा’ घ्यायचा असतो. चहाबरोबर पोहे येतात, पोहे संपेपर्यंत भाजी फोडणीला पडलेली असते, आणि ‘जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही’ या वाक्याला उत्तर देण्याची रीत आपल्याकडे नाही. एवढे सगळे चार दिवसांत बसवल्यावर कागदाच्या तळाशी जी रिकामी जागा उरते तिथे हंपी लिहावी आणि तिच्यापुढे ‘जाता जाता’ असे शब्द टाकावेत. ज्या नगराला जाण्यासाठी गाडी ठरवली, त्याच्या वाट्याला सरतेशेवटी दुपारी १२ ते २ एवढा वेळ येतो, आणि तोही ‘पहाटे ४ ला निघू’ असे ठरवून सकाळी सव्वानऊला निघाल्यामुळे आखडलेला असतो. ही तक्रार मी प्रवासात केली, तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर आले, “देवापेक्षा गोटे मोठे हायेत का, भाऊ?”

कमलापूरच्या पुरातत्त्व संग्रहालयात या सबंध परिसराची प्रतिकृती मांडलेली आहे आणि ती आधी पाहिली तर कुठे काय आहे हे डोक्यात बसते, म्हणून तिथे शुक्रवारीच पोचावे. शुक्रवारी ते बंद असते.

टोपी, पाण्याची बाटली आणि चालण्याजोगी चप्पल गाडीतच ठेवावी, कारण आपण ४६ अंशांत राहणारी माणसे आहोत आणि हे वाक्य तापलेल्या दगडावर अनवाणी उभे राहून म्हणण्यातच खरी मौज आहे.

गाइड करू नये. जे सातशे किलोमीटरांचे भाडे मोजताना डगमगत नाहीत, त्यांना गाइडच्या पैशांत तीनशे कमी करण्यासाठी अर्धा तास घासाघीस करताना पाहणे ही करमणूक आहे खरी, पण त्यात वेळ जातो. त्याऐवजी गाडीतल्या एखाद्या भाऊजींना इतिहास सांगू द्यावा. हरिहर आणि बुक्क यांनी १३३६ मध्ये मांडलेले राज्य, पुढची चार घराणी, कृष्णदेवरायाची वीस वर्षांची कारकीर्द, असल्या तपशिलात ते शिरत नाहीत. ‘एका रात्रीत सगळे पाडले’ एवढ्या एका वाक्यात त्यांचे विजयनगर संपते. प्रत्यक्षात विजयनगर ज्यात हरले ती २३ जानेवारी १५६५ ची तालिकोटची लढाई हंपीपासून पुष्कळ दूर, उत्तरेकडे कृष्णेच्या बाजूला झाली, आणि त्यानंतर या नगराची लूट आणि नासधूस कित्येक महिने चालली होती. आमच्या भाऊजींनी चढाई करणाऱ्या सुलतानांत वऱ्हाडच्या सुलतानालाही बसवून टाकले. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदर एकत्र आले होते. वऱ्हाडवर राज्य करणारी अचलपूरची इमादशाही त्यात नव्हती. ज्या अचलपूरला आपण बाजाराला आणि लग्नाला जातो, तिथल्या राज्याने त्या लढाईत भाग घेतला नाही, ही गोष्ट गाडीतल्या कोणालाच ऐकायची नव्हती, कारण तेवढ्यात कोणाला तरी उसाचा रस दिसला.

विठ्ठल मंदिराकडे गाडी जाऊ देत नाहीत. गाड्या अलीकडेच थांबवून शेवटचा किलोमीटरभर बॅटरीवर चालणाऱ्या गाडीने किंवा पायी जावे लागते. या वाटेवर दोन्ही बाजूंना जुन्या बाजारपेठेच्या खांबांच्या लांबच लांब रांगा उभ्या आहेत. सुमारे १५२० मध्ये विजयनगरात आलेल्या डोमिंगो पेस नावाच्या पोर्तुगीजाला हे नगर रोमएवढे मोठे वाटले होते. आपण मात्र या वाटेवर मोबाइलमधले घरचे सीसीटीव्ही उघडून म्हशीला कडबा टाकला की नाही ते पाहावे.

आत गेल्यावर खिशातून ५० रुपयांची नोट काढावी. तिच्या मागच्या बाजूला जो दगडी रथ छापलेला आहे तो हाच, आणि नोट रथापुढे धरून एक डोळा मिटून फोटो काढणे हे इथले मुख्य दर्शन आहे. तो रथ म्हणजे मुळात गरुडाचे देवालय आहे आणि त्याचे तोंड गाभाऱ्याकडे आहे, हे कळून फोटोत काही फरक पडत नाही. त्याच्याभोवती घातलेला अडसर इतरांसाठी आहे असे समजावे. मग ज्या खांबांतून सूर निघतात त्या मंडपाकडे वळावे. त्यांना हात लावायला मनाई आहे. म्हणून हाताने वाजवू नये, नाण्याने किंवा गाडीच्या चावीने वाजवावे, आणि पहारेकऱ्याने शिट्टी मारली की ‘एवढ्या दुरून आलो’ असे हिंदीत सांगावे.

गाभारा रिकामा आहे. तेव्हा आमच्यातले एक जण मोठ्याने म्हणाले, “मूर्तीच नाही, त मंग इतकी पायपीट कायले केली?” इथली मूर्ती एकनाथांच्या पणजोबांनी, भानुदासांनी, पंढरपूरला परत नेली अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे, आणि परतीच्या वाटेवर ज्या विठोबापुढे आम्ही चार तास रांगेत उभे राहणार होतो, त्याची ही कथा इथेच, त्या रिकाम्या चौथऱ्यापुढे सांगण्याजोगी होती. गाडीत ती एकट्या मामींना ठाऊक होती. आमच्याच तालुक्यातल्या कौंडण्यपूरहून, रुक्मिणीच्या माहेराहून, जी पालखी पंढरीला निघते तिच्याबरोबर त्या पायी जाऊन आलेल्या आहेत. त्यांनी त्या रिकाम्या जागेला हात जोडले, आणि पाच मिनिटे मंडपात बसू द्या म्हणाल्या. त्यांना बसू दिले नाही. संध्याकाळी धरणावरच्या बागेतले रंगीत कारंजे गाठायचे होते.

तरीही वेळ उरत असेल तर हजारराम मंदिराकडे जावे. राजवाड्याच्या परिसरातले हे देऊळ लहान आहे, त्यामुळे पाच मिनिटांत उरकते. आवाराच्या भिंतीवर बाहेरून हत्ती, घोडे, सैनिक, नर्तकी यांच्या मिरवणुकीच्या रांगा कोरलेल्या आहेत. आतल्या भिंतीवर रामायण आहे, एकाखाली एक पट्ट्यांत, चालत चालत वाचता यावे असे. इथे उभे राहून तंबाखू मळावी. सावली चांगली असते. डबीतला चुना बोटावर घ्यावा, तळहातावर नीट रगडावा, चिमूट ओठात सारावी आणि बोटाला उरलेला चुना कशाला पुसायचा हा प्रश्न पडला की समोरच्या रांगेतला एखादा घोडा निवडावा.

आमच्यातल्या एका गृहस्थांनी घोडाच निवडला. शिकलेले गृहस्थ आहेत, पोराला पुण्यात इंजिनिअर केले आहे, घरात नवीन फरशी बसवली तेव्हा पाहुण्यांना दोन महिने चपला घालून आत येऊ देत नव्हते. मी बोललो तर हसले. “दगडाले काय होते? पाऊस आला का धुतलं जाते.” बाकीचेही हसले. कोणी तरी खर्र्याची पन्नी तिथेच टाकली, आणि दुसऱ्याने भिंतीपासून दोन पावलांवर पिंक मारली, म्हणजे भिंतीवर मारली नाही एवढा संयम दाखवला.

दगडाला काय होते ते सांगतो. ज्या माणसाने तो घोडा कोरला, त्याच्या हातात छिन्नी होती आणि एक फटका चुकला तर सबंध दगड वाया जाणार होता. लढाई हरल्यावर लुटारूंनी त्या नगरात महिनोन् महिने धुमाकूळ घातला, एका दगडातून घडवलेल्या ६.७ मीटर उंच नरसिंहाच्या मांडीवरची लक्ष्मी फोडली, तरी हा घोडा उरला. साडेचारशे वर्षांचे ऊनपाऊस झाले, तरी उरला. आणि तुम्ही त्याला बोट पुसता, कारण खिशात रुमाल आहे पण तो खराब होईल! ‘एका रात्रीत सगळे पाडले’ म्हणून गाडीत ज्यांचे रक्त उसळत होते, तेच हे लोक. पाडणाऱ्यांना शिव्या देणे सोपे आहे, ते ४६० वर्षांपूर्वी मेले. तुम्ही जिवंत आहात आणि चुन्याची डबी तुमच्या खिशात आहे.

कायदाही आहे. १९५८ चा आहे, आणि संरक्षित वास्तूची खराबी करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असे त्यात लिहिले आहे. २०१९ मध्ये हंपीत चार तरुणांनी खांब ढकलून पाडल्याचा व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिला; त्यांना प्रत्येकी ७० हजार रुपये भरावे लागले आणि पाडलेले खांब उभे करून द्यावे लागले. तो व्हिडिओ आमच्या गटातही फिरला होता आणि सगळ्यांनी त्याखाली संतापाची चिन्हे टाकली होती. चुन्याचे बोट पुसणाऱ्या गृहस्थांनीही.

आणि हे फक्त हंपीत होते असे नाही. आपल्या गावागावांतल्या हेमाडपंती देवळांचे खांब पाहा. खाली चुन्याचे ठिपके, वर गुलाबी ऑइल पेंट, गाभाऱ्यात न्हाणीघरातल्या टाइल्स, आणि दारावर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी. कोणाला काही वाटत नाही. कौंडण्यपूरला खणल्यावर सातवाहनांच्या काळापर्यंतची आणि त्याहून जुनी वस्ती सापडली, पण आमच्या गाडीतल्या किती जणांनी तिथे मंदिरापलीकडे चार पावले टाकली असतील? जवळचे पाहिले नाही आणि दूरचे पाहून घेण्याची घाई. ‘सारे गोटेच त हायेत’ म्हणणाऱ्यांनी ७०० किलोमीटर गाडी कशाला पळवली? गोटे आपल्या नाल्यातही आहेत.

जायचे असेल तर नीट जा. होसपेट किंवा कमलापूरला मुक्काम करा, एक अख्खा दिवस फक्त हंपीला द्या, आणि दोन देता आले तर दोन द्या. सकाळी उन्हाआधी विठ्ठल मंदिर गाठा. त्याच तिकिटावर त्याच दिवशी कमलमहाल आणि गजशाळेचा परिसर आणि संग्रहालय पाहता येते, म्हणून ते तिकीट फेकू नका. अलमट्टी गाळा, कारंजे गाळा, लातूरच्या बहिणीला दिवाळीत भेटा. गाइडला त्याचे पैसे द्या आणि तो बोलत असताना गप्प बसा. म्हाताऱ्या माणसाला मंडपात बसायचे असेल तर बसू द्या, तुमची गाडी पळून जात नाही. आणि चुन्याची डबी उतरण्याआधी ड्रायव्हरजवळ ठेवा. तेवढे होत नसेल तर तुम्हीही तिच्याजवळ गाडीतच बसा.