आ करा, पावणं!

कोल्हापुरात दाढदुखी लपत नाही. मिसळ खाताना नुसत्या डाव्या बाजूनं चावायला लागलात की पलीकडच्या बाकावरनं आवाज येतो, "उजवी दाढ काय, पावणं?" मग सल्ले सुरू. लवंग धरा, तुरटीच्या गुळण्या करा, मीठ चोळा. एकानं तर छातीठोक सांगितलं, "वरची दाढ काढू नगासा, नजर जाती." दाढेचा नि नजरेचा काडीचा संबंध नाही, पण तर्रीवर पोसलेल्या आत्मविश्वासापुढं बोलणार कोण?

आमच्या आत्तीचा इलाज म्हणजे मिसरी. तव्यावर तंबाखू काळीकुट्ट होईस्तोवर भाजायची. तोवर अर्धी गल्ली खोकत घराबाहेर. मग चिमूटभर तळहातावर घेऊन बोटानं हिरड्यांना रगडायची. "मला बघ की रं, दुखतोय का एक तरी दात?" खरं आहे. हिरड्या सुटून दात एकेक करत कधीच गेले. दुखायला मागं उरलंय कोण?

शेवटी राजारामपुरीतला दवाखाना गाठला. खुर्ची आडवी झाली, डोळ्यावर दिवा आला, ओठाच्या कोपऱ्यात थुंकी ओढणारी नळी गुरगुरायला लागली. डॉक्टरांचे दोन्ही हात माझ्या तोंडात, आणि त्यांनी विचारलं, "काय, पांढरा आधी का तांबडा?" कोल्हापूरच्या माणसाला हा प्रश्न विचारायचा आणि त्याचं तोंड उघडं बांधून ठेवायचं, याला छळच म्हणतात. मी "आँ आँ" केलं. "बरोबर, तांबडाच!" म्हणून त्यांनी पुढची दाढ कोरायला घेतली. मला पांढरा म्हणायचं होतं.

कीड कशी लागते तेही त्यांनी त्याच बैठकीत सांगितलं. दातावरच्या थरातले जंतू साखर खाऊन आम्ल करतात. तोंडातला पीएच, म्हणजे आम्लाचं माप (आकडा जितका खाली, आम्ल तितकं जास्त), ५.५ च्या आसपास किंवा त्याखाली गेला की दाताचं वरचं कवच विरघळायला लागतं. लाळ ते सावरते, पण तिला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. त्यामुळं गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, याला जास्त महत्त्व. आता आमचा दिवस बघा. उठल्यावर चहा, मिसळीनंतर चहा, कुणी भेटलं म्हणून चहा, दुपारी उसाचा रस, हंगामात गुऱ्हाळावर बोलावणं आलं तर काकवी, आणि येताना खिशात गुळाचा खडा, तोही चघळत. लाळेला जेवणाची सुट्टीसुद्धा नाही.

"गोड खायचंच तर जेवणाबरोबर एकदाच खा," डॉक्टर म्हणाले.

"आख्खी ढेप?" तोंड मोकळं झाल्याबरोबर मी विचारलं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. रात्री झोपताना ब्रश चुकवायचा नाही, कारण झोपेत लाळ कमी होते. दोन मिनिटं घासायचं, फ्लोराइडची पेस्ट थुंकायची, पण नंतर खळखळून चूळ भरायची नाही, एवढं बजावून मला सोडलं.

तिथंच घरी महाभारत झालं. पहिल्याच रात्री आत्तीनं मोरीपाशी धरलं. "चूळ न भरता हातरुणात? इटाळ का सुटाळ काय हाय का न्हाई?" मी समजावलं, की पाण्यानं औषध वाहून जातं, दाताला लागून राहिलं तर रात्रभर काम करतं.

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पेस्टचं पैसं वसूल करतोय म्हण की."