पोलिश निर्वासितांचं ते जहाज आणि वळिवड्याचा हिशेब

युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून एक मजकूर घरोघरच्या ग्रुपवर फिरतो आहे. हिटलरने पोलंड घेतल्यावर तिथल्या सैनिकांनी पाचशे बायका आणि दोनशे मुलं एका जहाजात बसवून दिली, कुठलाच देश त्यांना उतरू देईना, मुंबईच्या गव्हर्नरनेही नकार दिला. शेवटी जामनगरच्या जामसाहेबांनी त्यांना उतरवून घेतलं आणि सारा खर्च एकट्याने केला, म्हणून पोलंडच्या संसदेत आजही त्यांच्या नावाने शपथ घेतात, असा तो मजकूर. वाचून छाती भरून येते, हे मान्य. पण यातलं बरंचसं घडलेलं नाही, आणि जे घडलं ते कोल्हापूरच्या वेशीपर्यंत येतं.

पहिलं, जहाज. ही मुलं हिटलरच्या तावडीतून आलेली नव्हती. १९४० पासून स्टालिनच्या राजवटीने पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली होती. १९४१ मध्ये जर्मनी रशियावर उलटला तेव्हा कुठे करार होऊन त्यांची सुटका झाली. १९४२ मध्ये पहिली तुकडी सोव्हिएत तुर्कमेनिस्तानातल्या आश्खाबादहून ट्रकने निघाली आणि मशहद, क्वेट्टा असं करत मुंबईला पोचली. जामनगरजवळच्या बालाचडीची छावणी तयार होईपर्यंत ही मुलं वांद्र्यात राहिली. पुढच्या तुकड्या इराणमधून बोटीने कराचीला आल्या, पण त्याही सगळं ठरवून. मुंबईतली पोलंडची वकिलात, रेडक्रॉस आणि हिंदुस्थान सरकार, सगळे त्यात होते.

दुसरं, खर्च, आणि खरा मुद्दा हाच आहे. जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी आपल्या उन्हाळी महालाशेजारची जागा दिली, मुलांवर माया केली. मुलं त्यांना बापू म्हणत. पालक नको म्हणून पोरांनी जेवणावर रुसवा धरला तेव्हा त्यांनी आचाऱ्याला पालक बंद करायला सांगितलं, अशी आठवण त्या मुलांनी म्हातारपणी सांगितली आहे. पण पैसा एकट्याचा नव्हता. इतर संस्थानिकांनी आणि देणगीदारांनीही निधीत भर घातली होती.

आणि वळिवडं? त्याचं तर त्या मजकुरात नावही नाही. १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. तिथे शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना, नाटकं, स्काउटची पथकं होती. राजाराम महाराज १९४० मध्ये गेलेले, गादीवर लहान मूल आणि कारभार रीजन्सीकडे, म्हणजे त्याच्या वतीने राज्य पाहणाऱ्या मंडळाकडे. म्हणजे इथे गोष्ट सांगायला दिलदार राजासुद्धा नाही. सुरुवातीला खर्चाचा भार लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारने उचलला. त्याच १९४३ मध्ये बंगालमध्ये माणसं भुकेने मरत होती, म्हणून 'आपल्यांच्या तोंडचा घास काढून परक्यांना दिला' असा राग धरणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं.

मग मोठेपणा कमी झाला का? मला तर तो वाढलेला दिसतो. जहाज उतरवून घ्यायला एक हुकूम पुरतो. पाच हजार माणसांना पाच वर्षं रोज धान्य, पाणी, सरपण आणि औषध पोचवायला, पोरांना त्यांच्याच भाषेत शिकवायला शेकडो हात लागतात. त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठल्याच फलकावर नाहीत. एकाच्या खिशावर सगळं टाकलं की या साऱ्यांचे कष्ट हिशेबातून गळतात.

तिसरं, शपथ. तसं काही नाही. पोलंडच्या खासदारांची शपथ त्यांच्या राज्यघटनेत दिलेली आहे आणि तीत कुणा राजाचं नाव नाही. वॉर्सात जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे, हे मात्र खरं.

चौथं, 'त्याची परतफेड म्हणून २०२२ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना पोलंडने विनाव्हिसा घेतलं' हे. युक्रेनमधून जीव वाचवून येणाऱ्या सगळ्याच देशांच्या लोकांसाठी तेव्हा ती सीमा उघडली होती. मदत केली की ऐंशी वर्षांनी व्याजासकट परत मिळते, असं मुलांना शिकवायचं असेल तर वळिवडं त्या कामाचं नाही. पोलिश लोक गेल्यावर त्याच छावणीत फाळणीने उखडलेले सिंधी आले. आजचं गांधीनगर, जिथे आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो, ते तिथेच उभं राहिलं.

तेव्हा तो मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर जहाज, गव्हर्नर आणि शपथ काढून टाका. जामसाहेब राहू द्या, आणि त्यांच्याखाली वळिवड्याचं नाव लिहा.